रेणुकेची अस्मृती : एका कथेचे पाठभेद आणि पूजेचा इतिहास

१

रेणुका मराठी माणसाला दोन वाटांनी परिचित असते. एक वाट पुराणकथेची. त्या वाटेवर रेणुका ही जमदग्नीची पत्नी आणि परशुरामाची माता आहे. पतीच्या आज्ञेवरून पुत्र तिचा शिरच्छेद करतो आणि पतीच्याच वरामुळे ती पुन्हा जिवंत होते. दुसरी वाट कुळाचाराची. त्या वाटेवर रेणुका ही माहूरगडावरची देवी, महाराष्ट्रातील साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ, असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणाऱ्या भक्तांची यल्लम्मा हीही तीच. पुराणात जी मारली जाते तीच पूजेत माउली होते. हे कसे घडले, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण दोन्ही वाटा आपल्या मनात शेजारी शेजारी असूनही एकमेकींना छेदत नाहीत.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न धर्मेतिहासाच्या अंगाने विचारायचा आहेच. पण मुख्यतः तो कथेच्या संहितांच्या अंगाने विचारायचा आहे. रेणुकेची कथा एक नाही. महाभारतातच तिच्याविषयीच्या दोन निरनिराळ्या कथा आहेत; रामायणात तिचा एक उल्लेख आहे; भागवताने ती पुन्हा सांगितली आहे; आणि तेलुगू, कन्नड, तमिळ व मराठी लोकपरंपरांनी ती इतकी बदलली आहे की मूळ कोणते आणि रूपांतर कोणते हा भेदही डळमळीत व्हावा. या पाठभेदांत कोण पाहते, कोण बोलते, कोणाला किंमत मोजावी लागते आणि काय विसरले जाते, या चार गोष्टींकडे लक्ष दिले तर एका देवीचा इतिहास आपल्यापुढे उलगडू लागतो.

२

महाभारताच्या वनपर्वात ही कथा पांडवांच्या तीर्थयात्रेच्या ओघात येते. महेंद्र पर्वतावर युधिष्ठिराला ती सांगतो अकृतव्रण. हा अकृतव्रण परशुरामाचा अनुयायी आहे, ही गोष्ट कथा वाचताना विसरता येत नाही. म्हणजे मातृवधाची ही हकीकत वध करणाऱ्याच्या शिष्यमुखातून आपल्यापर्यंत येते. तिच्यातील कथनाचा कल कोणाकडे असणार, हे निवेदकाच्या निवडीतच ठरून गेले आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा : पाचही पुत्र फळे आणण्यासाठी गेले असताना रेणुका स्नानाला जाते. तिथे चित्ररथ नावाचा राजा आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिला दिसतो. त्या वैभवसंपन्न पुरुषाविषयी तिच्या मनात अभिलाषा उत्पन्न होते. ती भिजलेल्या अंगाने, भान हरपलेली, भ्यालेली अशी आश्रमात परतते. जमदग्नी तिच्याकडे पाहताच सर्व ओळखतो. तिचे धैर्य ढळले आहे आणि ब्राह्म तेज तिला सोडून गेले आहे, हे त्याला दिसते. तो तिचा धिक्कार करतो. मग रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु हे चार पुत्र क्रमाने येतात. पिता प्रत्येकाला मातेचा वध करण्याची आज्ञा देतो. चौघेही काही बोलत नाहीत. पिता त्यांना शाप देतो आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड, संज्ञाहीन होतात. शेवटी परशुराम येतो, आज्ञा होते, परशू चालतो. पित्याचा क्रोध शमतो आणि तो वर मागायला सांगतो. परशुराम मागतो : मातेने उठावे, वधाची स्मृती न राहावी, त्या पापाचा स्पर्श न व्हावा, भावांना पूर्वस्थिती मिळावी, युद्धात आपल्याला तोड नसावी, आयुष्य दीर्घ असावे.

या संहितेत रेणुका एकही शब्द बोलत नाही. ती पाहते, भिजते, भिते आणि मरते. तिच्या अपराधाची माहिती वाचकाला निवेदक देतो, आणि जमदग्नीला ती तिच्या शरीरावरून वाचता येते. तिला प्रश्न विचारला जात नाही, म्हणून उत्तराचाही प्रसंग येत नाही. अपराध मनात घडला, पुरावा देहावर उमटला, शिक्षा देहाला झाली. या संपूर्ण व्यवहारात वाणीला कोठेच जागा नाही. चौघा पुत्रांचे मौन हेही या मौनाशी जोडून पाहण्याजोगे आहे. ते नकार देतात, पण नकाराचे शब्द त्यांच्या तोंडी नाहीत. पित्याच्या शापाने ते जड होतात, परंतु मातृवधाची आज्ञा ऐकून ते आधीच जड झालेले नव्हते काय?

आता महाभारताच्याच अनुशासनपर्वातील दुसरी कथा पाहावी. युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की छत्र आणि पादत्राण दान देण्याची रीत कशी सुरू झाली. भीष्म सांगतात : जमदग्नी धनुर्विद्येची क्रीडा करीत असे, तो बाण सोडी आणि रेणुका ते वेचून परत आणून देई. ज्येष्ठ महिन्यातील मध्यान्ह. बाण आणायला गेलेल्या रेणुकेचे पाय आणि मस्तक उन्हाने पोळले, म्हणून ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली आणि शापाच्या भयाने लगेच निघाली. परतल्यावर जमदग्नीने रागाने विचारले, उशीर का? रेणुका सांगते : सूर्याच्या तापाने भाजले, म्हणून झाडाखाली थांबले. हे ऐकताच जमदग्नीचा क्रोध तिच्यावरून सूर्याकडे वळतो. तो सूर्यावर बाण रोखतो. सूर्य ब्राह्मणरूपाने शरण येतो आणि छत्र व पादत्राण देऊन सुटका करून घेतो.

दोन्ही कथांची संरचना शेजारी ठेवली की साम्य नजरेत भरते. दोन्हींत रेणुका आश्रमाबाहेर जाते, दोन्हींत तिच्या कर्तव्यात खंड पडतो, दोन्हींत ती भ्यालेली परतते, दोन्हींत जमदग्नी कोपतो. फरक एकाच जागी आहे. अनुशासनपर्वात तिला प्रश्न विचारला जातो आणि तिला कारण सांगता येते. त्या एका प्रश्नोत्तराने कथेची दिशा पालटते : क्रोध देहाकडून कारणाकडे जातो, आणि वधाऐवजी माणसाच्या वापरातील दोन वस्तूंचा जन्म होतो. एकाच ग्रंथाच्या पोटात या दोन शक्यता जपल्या गेल्या आहेत, हे महाभारताचे मोठेपण मानावे लागेल. मात्र परंपरेने पुढे कोणती कथा लक्षात ठेवली, हे सांगायला नको.

३

परंपरेने वनपर्वातील कथा कशी वापरली, याचे सर्वांत बोलके उदाहरण वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात सापडते. राम वनवासाला निघतो तेव्हा कौसल्या त्याला थांबवू पाहते. मातेची आज्ञाही पित्याच्या आज्ञेइतकीच पाळायला हवी, असा तिचा युक्तिवाद आहे. त्यावर पितृवचनाची महती पटवण्यासाठी राम जे पूर्वदाखले देतो, त्यांत जामदग्न्य रामाने पित्याच्या शब्दाखातर अरण्यात आपल्या आईचा परशूने वध केला, हा एक आहे. दाखल्यात पुनरुज्जीवनाचा उल्लेख नाही, वराचा नाही, चित्ररथाचाही नाही. शिल्लक राहिले आहे ते केवळ आज्ञापालन. आणि हा दाखला दिला जात आहे एका आईलाच. कथेचा नीतिपाठ होतो तेव्हा तिच्यातून काय गाळले जाते, याचा हा वस्तुपाठ आहे.

भागवताच्या नवव्या स्कंधातील पुनर्कथन अधिक सावध आहे. तिथे चित्ररथ राजा न राहता गंधर्वराज होतो, क्रीडा अप्सरांसह चालते, आणि रेणुकेच्या मनातील स्पृहा ‘किंचित’ म्हणून हलकी केली जाते. होमाची वेळ टळणे हा दोष तिच्या जोडीला येतो. परशुराम मातेबरोबर भावांनाही मारतो. त्याने असे का केले याचे स्पष्टीकरणही भागवत पुरवते : पित्याच्या समाधीचे व तपाचे सामर्थ्य त्याला ठाऊक होते. म्हणजे मारलेले पुन्हा उठवता येतील, हा हिशेब त्याच्यापाशी होता. वर मिळताच सगळे झोपेतून जागे व्हावे तसे उठून बसतात. वनपर्वातील भीषणता इथे जवळजवळ स्वप्नवत झाली आहे. भक्तिग्रंथाला अवताराच्या हातून घडलेल्या मातृवधाचे ओझे पेलवत नाही. म्हणून तो गुन्हा सौम्य करतो, वध तात्पुरता करतो आणि शेवटी त्याची आठवणही पुसून टाकतो.

येथे ‘अस्मृती’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे. दोन्ही संहितांत तो आहे. वनपर्वातील शब्दरचना अशी की वधाची ही अस्मृती कोणाला हवी आहे, मातेला की पुत्राला, हे व्याकरणावरून निःसंदिग्धपणे ठरत नाही. भागवतात मारल्या गेलेल्यांची अस्मृती हा अर्थ पक्का होतो. वनपर्वातील संदिग्धता अर्थपूर्ण आहे. मातेने विसरावे असे म्हणताना पुत्र स्वतःच्याही विस्मृतीची मागणी करीत असावा. अभिजात संहितेचा या घटनेशी असलेला संबंधच या एका शब्दात साठला आहे : जे घडले ते सांगायचे, आणि घडलेच नाही असे राहायचे. रेणुका उठते ती पूर्वीची रेणुका म्हणून. तिच्या मानेवर वण नाही, मनात प्रश्न नाही. संहितेपुरते प्रकरण संपते.

पूजेपुरते मात्र ते संपत नाही. या निबंधाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे : रेणुकेची पूजा ही या अस्मृतीला दिलेला नकार आहे.

४

माहूरच्या मंदिरात देवीची पूर्णाकृती मूर्ती नाही. तिथे तांदळा आहे, म्हणजे शेंदूरचर्चित मुखाकृती. धड नसलेले मुख हेच देवीचे रूप. अशा मुखाकडे पाहून शिरच्छेदाची कथा कोणालाही आठवावी. परंतु माहूरची स्थलकथा नेमके हेच टाळते. ती सांगते : सहस्रार्जुनाच्या वैरातून जमदग्नीचा वध झाल्यावर परशुराम पित्याचे शव आणि माता यांना कावडीत घालून कोऱ्या भूमीच्या शोधात निघाला. माहूरला दत्तात्रेयाच्या मार्गदर्शनाखाली त्याने अंत्यसंस्कार केले. रेणुका सती गेली. शोकाकुल परशुरामाला आकाशवाणी झाली की तुझी माता भूमीतून वर येऊन तुला दर्शन देईल, तू मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही, त्याने पाहिले. तोवर मातेचे मुखच तेवढे भूमीबाहेर आले होते. ते तिथेच राहिले.

या कथेची करामत पाहण्याजोगी आहे. देहावेगळे मुख तेच आहे. त्याचे कारण मात्र पार बदलले आहे. परशूच्या जागी दृष्टी आली. शिक्षा देणाऱ्या हाताच्या जागी व्याकूळ पुत्राची उतावीळ आली. वनपर्वात मातेच्या पाहण्याने अनर्थ घडतो; माहूरला पुत्राच्या पाहण्याने. पाहण्याचा दोष आईकडून मुलाकडे सरकला आहे. अपराध्याची ही अदलाबदल कोणी जाणीवपूर्वक केली असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु लोकमानसाने शतकानुशतके त्या मुखासमोर उभे राहून जी कथा मान्य केली, तिच्यात मातृवधाची आठवण वेश पालटून राहिली आहे, असे म्हणता येते. मातेचे अपुरेपण पुत्रामुळे आहे, एवढे सत्य या कथेने सोडलेले नाही.

माहूरचे प्राचीनत्व अनेक अंगांनी सिद्ध आहे. महानुभाव वाङ्मयात मातापूर या नावाने ते दत्तात्रेयाचे स्थान म्हणून येते. मातृतीर्थ हे तिथल्या कुंडाचे नाव आजही आईकडेच बोट दाखवते. रेणुका, दत्तात्रेय आणि अनसूया यांची तीन शिखरे शेजारी असावीत, हाही योगायोग नव्हे. एका शिखरावर पतीच्या क्रोधाला बळी पडलेली पत्नी, दुसऱ्यावर पातिव्रत्याच्या बळाने देवांना बालके करणारी पत्नी. दोन टोकांच्या स्त्रीप्रतिमा एकाच क्षेत्राच्या कवेत आल्या आहेत आणि यात्रेकरू दोन्हींना त्याच भक्तीने नमस्कार करतो.

५

शीर माहूरला, मग धड कोठे? या प्रश्नाचा मागोवा मराठीत डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतला. मस्तकाच्या जागी बहुधा कमळ असलेल्या, उत्तानपाद स्थितीतील देवीमूर्ती दख्खनमध्ये तेर, महाकूट, आलमपूर अशा अनेक स्थळी मिळाल्या आहेत. त्यांचा संबंध ढेरे यांनी रेणुका-यल्लम्मा, भूदेवी, वारुळाच्या रूपात पूजली जाणारी सांतेरी अशा मातृदेवतांशी जोडला. रेणू म्हणजे धूलिकण. रेणुका म्हणजे भूमी. वारूळ हे भूमीचे गर्भस्थान. गोमंतकात सांतेरीच्या रूपाने वारूळ आजही पूजेत आहे. या दृष्टीने पाहता मस्तकहीन मूर्ती हे वधाचे चित्र ठरत नाही. ती सर्जनाची मूर्ती आहे. नागार्जुनकोंड्याला सापडलेल्या, इक्ष्वाकु राजवंशाच्या काळातील अशा एका मूर्तीवरील प्राकृत लेखात ती अर्पण करणारी राणी स्वतःला अविधवा आणि जीवपुत्रा म्हणवते. सौभाग्य आणि जिवंत पुत्र : देवीकडून अपेक्षा आहे ती या दोन गोष्टींची.

येथे एक पद्धतिविषयक सावधगिरी आवश्यक वाटते. मूर्ती आधी आणि कथा मागाहून, म्हणजे शीर नसलेली मूर्ती पाहून लोकांनी शिरच्छेदाची कथा रचली, असे म्हणण्याचा मोह होतो. धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला तो सोयीचाही आहे. परंतु त्यामुळे कथा ही मूर्तीची निव्वळ तळटीप ठरते. मूर्तीला शीर नव्हते म्हणून वधाची कथा सुचली हे घटकाभर मान्य केले, तरी वध पुत्राच्या हातून, पित्याच्या आज्ञेने आणि पाहण्याच्या अपराधासाठीच का व्हावा, याचे उत्तर मूर्तीत नाही. ते समाजरचनेत आहे. भूमीसारख्या स्वयंपूर्ण मातृदेवतेला ऋषिपत्नी करून घेणाऱ्या व्यवस्थेला तिच्या स्वातंत्र्याची कोठेतरी किंमत लावावी लागली. त्या किमतीची पावती म्हणजे ही कथा. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दैवतांच्या विवाहांकडे मानवसमूहांच्या मीलनाची खूण म्हणून पाहिले. रेणुकेच्या बाबतीत विवाहाबरोबरच शिरच्छेदाकडेही तसेच पाहता येईल.

६

दक्षिणेतील लोककथांनी या पावतीवर आणखी एक नाव लिहिले. फ्रेंच प्रवासी पिएर सोनरा याच्या १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात मारिअम्मेची एक कथा आहे. जमदग्नीची ही पत्नी आपल्या शुद्धतेच्या बळावर पाण्याचा गोळा करून घरी नेत असे. एके दिवशी पाण्यात तिला गंधर्वांचे प्रतिबिंब दिसले, मन चळले आणि पाणी ओघळून गेले. पुत्राने शिर उडवले. आणि जिवंत करताना तिचे शीर चुकून देहदंड झालेल्या एका अंत्यज स्त्रीच्या धडावर बसवले गेले. अशा रीतीने जी उठली ती ना ब्राह्मणी ना अंत्यज. घराबाहेर काढलेली ती पुढे देवीच्या रोगाची स्वामिनी झाली. यल्लम्मेच्या परिवारातील मातंगीची कथाही याच कुळातली. पळणाऱ्या रेणुकेला मातंगीने आसरा दिला, आणि परशूने दोघींचीही शिरे उडवली.

सोनराची हकीकत युरोपात पोहोचली आणि ग्योथेने तिच्यावर तीन कवितांची मालिका लिहिली. ती १८२४ साली प्रसिद्ध झाली. त्या काव्यात चुकीच्या धडावर शीर बसलेली ती स्त्री उठल्यावर प्रथम काय करते, तर बोलते. पुत्राशी ती दीर्घ बोलते. वरचे शीर आणि खालचे धड यांच्यातील तणावातूनच आपण हीनदीनांची गाऱ्हाणी ईश्वरापर्यंत नेऊ, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. वनपर्वात जिला शब्द नव्हता तिला जर्मन कवीने शब्द दिला. मात्र याचे श्रेय एकट्या ग्योथेला देणे अन्यायाचे होईल. पाण्याच्या काठावरच्या त्या अनाम कथकांनी शिरांची अदलाबदल केली नसती, तर बोलण्याला विषयच उरला नसता.

आजच्या समीक्षेत अशा लोककथांना विद्रोहाची संहिता म्हणण्याची प्रथा पडली आहे. त्यात तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. मारिअम्मेच्या कथेत शीर ब्राह्मणीचे आणि धड अंत्यजेचे; शुद्ध ते वर, अशुद्ध ते खाली. म्हणजे जातीची उतरंड एकाच देहात रचली गेली आहे. आणि ज्या स्त्रीचे धड वापरले गेले तिचे नाव कथेत नाही. तिचे शीर कोठे गेले याची कोणी चौकशी करीत नाही. रेणुकेच्या मौनाबद्दल हळहळणाऱ्या वाचकाने या दुसऱ्या मौनाचीही दखल घ्यायला हवी. लोककथा अभिजात संहितेला प्रत्युत्तर देते तेव्हा ती स्वतः निर्दोष होते असे नाही.

७

हे केवळ तात्त्विक विधान नव्हे, याचा प्रत्यय सौंदत्तीला येतो. यल्लम्मेच्या उपासनेत कथा वर्षाकाठी पुन्हा जगली जाते. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवी विधवा होते. तिला दक्षिण महाराष्ट्रात रांडाव पुनव म्हणतात. जोगतिणी बांगड्या फोडतात. माघी पौर्णिमेला, अहेव पुनवेला, देवी पुन्हा सौभाग्यवती होते आणि चुडा भरला जातो. नागार्जुनकोंड्याच्या राणीने मागितलेले अविधवापण इथे दरवर्षी हरवते आणि दरवर्षी परत मिळते. वनपर्वातील पुत्राने मागितलेली अस्मृती या पंचांगाने धुडकावून लावली आहे. देवीला काय झाले, हे विसरायचे नाही. ते आपल्या मनगटावर करून दाखवायचे.

चौघा भावांचे काय झाले, हेही इथे वेगळे सांगितले जाते. वनपर्वात ते पूर्वस्थितीला येतात. यल्लम्मेच्या परंपरेत आज्ञा नाकारल्याबद्दल पित्याने त्यांना पुरुषत्वहीन केले, आणि स्त्रीवेश धारण करून देवीची सेवा करणारे जोगते, कन्नड मुलखातील जोगप्पा, आपले नाते त्यांच्याशी जोडतात. आईला मारायला जे तयार झाले नाहीत त्यांना पुरुषांच्या जगातून बाहेर काढले गेले, आणि तेच तिचे खरे सेवक झाले. मातृवधाला होकार हीच पौरुषाची कसोटी असेल, तर ते पौरुष आम्हांला नको, असा याचा अर्थ लावता येतो. पुराणकथेवर लोकपरंपरेने केलेले याहून मर्मभेदी भाष्य शोधूनही सापडणार नाही.

आणि तरीही याच डोंगराच्या नावाने मुली सोडल्या गेल्या. केसांत जट निघाली की देवीचे बोलावणे आले असे मानायचे. लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन गळ्यात बांधायचे. ती मुलगी देवीची. ती कधी विधवा होत नाही असे सांगायचे, कारण तिचा विवाहच माणसाशी नाही. या मुली बहुतांशी दलित घरांतल्या होत्या आणि त्यांच्यातील अनेकींची वाट शहरांतील वेश्यावस्त्यांकडे गेली. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली समर्पणाविरुद्ध कायदे झाले. सात दशकांत तीन कायदे करावे लागले, यावरून प्रथेची मुळे किती खोल होती ते कळते. सोनराच्या कथेतील अनाम स्त्रीप्रमाणेच येथेही देवीच्या शिराला धड पुरवण्याचे काम गावकुसाबाहेरच्या देहांकडे आले.

शिमोगा जिल्ह्यातील चंद्रगुत्तीच्या रेणुकांबेच्या यात्रेत १९८६ साली जे घडले, त्यात हा पेच उघडा पडला. तिथे भक्त, त्यांत स्त्रियाही, विवस्त्र होऊन देवीला जाण्याची प्रथा होती. ती थांबवण्यासाठी गेलेले कार्यकर्ते, बंदोबस्ताचे पोलीस आणि भक्त यांच्यात संघर्ष झाला, हिंसा झाली, आणि नंतर प्रथेवर बंदी आली. कन्नड कादंबरीकार यू. आर. अनंतमूर्ती यांनी या घटनेवर लिहिलेला निबंध गाजला, कारण त्यांनी बाजू घेण्याऐवजी आधुनिक लेखकाचे दुभंगलेपण मांडले. तर्काने बंदीच्या बाजूला असलेला लेखक, ज्या श्रद्धाविश्वातून त्याची भाषा आली त्याच्याशी नाते तोडू शकत नाही. हा पेच खरा आहे. पण त्यातही एक प्रश्न उरतो : दुभंगण्याची चैन कोणाला परवडते? जिच्या गळ्यात दर्शन बांधले गेले तिला दोन्ही बाजूंनी विचार करण्याइतका अवकाश मिळाला होता काय?

८

मराठी साहित्याने या प्रश्नाला दोन काळांत दोन प्रकारे तोंड दिले. सोळाव्या शतकात एकनाथांनी जोगवा मागणाऱ्या भक्तिणीचा आवाज आपल्या भारुडात घेतला आणि जोगव्याला अध्यात्माचा अर्थ दिला. मागणे परडीतल्या पिठाचे न राहता विवेकाचे झाले. एका संतकवीने देवीच्या दारातील भिक्षेकरीणीच्या तोंडून बोलावे, ही घटना मोठी खरीच. मात्र त्या रूपकात जोगतीण निमित्तमात्र झाली. तिचा जोगवा उंच गेला, ती तिथेच राहिली. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ आणि राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आल्या, तेव्हा रूपकाचे हे आवरण उतरले. जोगतीण आणि जोगता यांचे देह, त्यांची भूक, त्यांची भाषा आणि त्यांचा नकार हा साहित्याचा विषय झाला. राजीव पाटील यांचा २००९ साली प्रदर्शित झालेला ‘जोगवा’ हा चित्रपट गवस यांच्या लेखनाच्या आधाराने उभा राहिला. त्याचे नाव एकनाथांच्या भारुडाची आठवण देते, हे लक्षात घेतले म्हणजे चारशेहून अधिक वर्षांत एकाच शब्दाने केलेला प्रवास ध्यानात येतो.

समीक्षेच्या दृष्टीने यातून काय निष्पन्न होते? एक तर, रेणुकेच्या कथेचा मूळ पाठ शोधण्याचा प्रयत्न फार उपयोगाचा नाही. महाभारतानेच दोन पाठ देऊन ठेवले आहेत. त्यांपैकी एकात रेणुकेला उत्तर देता येते आणि ती वाचते. लोकपरंपरेने दुसराच पाठ उचलला, पण त्याच्या शेवटी लिहिलेली अस्मृती मान्य केली नाही. माहूरला तिने देहावेगळे मुख जपले, सौंदत्तीला फुटलेला चुडा. दुसरे असे की आठवणीचे हे काम नेहमीच कोणाच्या तरी देहावर चालले. सवर्ण घरांत रेणुका नवरात्रातील घटाच्या रूपाने आठवली गेली. गावकुसाबाहेर ती मुलीच्या गळ्यात बांधून आठवली गेली. स्मृतीची किंमत सारखी वाटली गेली नाही. पूजेचा इतिहास लिहिणाऱ्याने भक्तीची खोली मोजताना ही वाटणीही नोंदवली पाहिजे.

कायद्याने समर्पण थांबावे, आणि ते थांबलेच पाहिजे. त्याबरोबर यल्लम्मेची कथाही विसरली जावी असे मात्र नाही. उलट जोगतिणीच्या गळ्यातून दर्शन उतरल्यावर ती कथा आता कोण सांगणार, हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. आजवर ती परशुरामाच्या शिष्याने सांगितली, सूतांनी आणि पुराणिकांनी सांगितली, चौंडक्याच्या तालावर जोगत्यांनी सांगितली, परदेशी प्रवाशाने लिहून नेली. ज्येष्ठाच्या उन्हातून परतलेल्या रेणुकेला एकदा विचारले गेले होते, उशीर का झाला. तिने सांगितले आणि ऐकणाऱ्याला ते पटले. भारतीय परंपरेत हा पाठही आहे. अनुशासनपर्वाच्या एका कोपऱ्यात, छत्र आणि पादत्राणांच्या दानमाहात्म्याखाली तो झाकला गेला आहे. रेणुकेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल.